छप्पन्न

सेलूत घर बांधताना गवंड्यानं विचारलं होतं,
खोली किती बाय कितीची?
मी म्हणाले, दहा बाय दहा, उंचीही दहाच ठेवा,
दिसायला बरी.
तेव्हा कुठं माहीत होतं,
आवाजासाठी असलं खोकं म्हणजे कोंडवाडा.

नांदेडहून जुने स्पीकर आणले
टेम्पोत, गाद्यांमध्ये निजवून.
लावले, तर तबल्याचा डग्गा
मधोमध खुर्चीत बसलं की नाहीसा,
आणि कपाटाच्या कोपऱ्यात उभं राहिलं
की छातीवर चढून बोलणारा.
आठ दिवस मी स्पीकरला शिव्या दिल्या.
मग मायक्रोफोन मागवला, पेन्सिलीएवढा.
त्याला कानाच्या उंचीवर धरायला
लॅबमधून सलाइनचा मोडका स्टँड आणला.
दिवसभर लोकांचं रक्त मोजते,
रात्री एक खोली मोजली तर काय बिघडलं.

जिनिंगची शिफ्ट सुटली की मोजायचं.
पंखा बंद, फ्रिज बंद, श्वास जमेल तेवढा बंद.
स्पीकरमधून एक शिट्टी निघते
जमिनीखालच्या गुरगुरीपासून
चढत चढत सुईच्या टोकापर्यंत.
पहिल्याच रात्री कुमुदिनीताईंनी भिंत ठोकली,
"काहून गं, कुकर लावलास का एवढ्या रात्री?"

पडद्यावर रेघ उमटली.
मला वाटलं होतं, थोडी वर, थोडी खाली,
रिपोर्टात असतं तसं.
निघाली बालाघाटाची रांग.
आणि छप्पन्न हर्ट्झवर सुळका.
लांबी, रुंदी, उंची, तिघींचा सूर एकच,
एकाच वेळी बोलणाऱ्या तीन जावा.
असले छप्पन्न पाहिलेत, आई म्हणायची.
मी पहिलाच पाहत होते.

खुर्चीपाशी खड्डा होता, तिथं आवाज वाढवला.
खड्डा तसाच.
स्पीकर मात्र धापा टाकायला लागला.
ढीग खरवडता येतो, हा खड्डा भरत नाही,
एवढं कळायला अख्खा मार्गशीर्ष गेला.
शेवटी खुर्चीच दीड हात मागं ओढली.
डग्गा परत आला,
रुसून गेलेल्या जावयासारखा, जरा अवघडून.

कोपऱ्यांसाठी कापूस हवा होता.
सुतारानं माणसाएवढ्या चौकटी करून दिल्या,
जैनुद्दीनभाई पिंजारी आले, खांद्यावर धनुकली.
"गादी कुणाला?"
"भिंतीला."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं,
आणि तात छेडली. धुम्म.
छेडत छेडत खोलीभर फिरले.
कपाटापाशी थांबले.
"कोने में सोती है आवाज, ताई. इधर डालो."
मला हे समजायला
एकवीस रात्री आणि एक लॅपटॉप लागला होता.

चार कोपऱ्यांना पुरेल म्हणून घेतलेला कापूस
तीनच कोपऱ्यांना पुरला.
चौथ्यात अजून इस्त्रीचं टेबल आहे.
सुळका थोडा बसला, अर्धाही नाही.
उरलेला मी यंत्रात बटणांनी खरवडला,
थोडा सोडून दिला.
टाळी वाजवली तर आता टाळीच ऐकू येते,
तिच्या मागून धावणारी खणखण नाही.
पहिले दोन दिवस
मलाच माझं बोलणं परकं वाटलं.

पैसे घेताना जैनुद्दीनभाई म्हणाले,
ती शिट्टी मला पण ऐकवा.
खुर्चीत बसले, डोळे मिटून, हात मांडीवर.
शिट्टी खालून उठली.
छप्पन्नला त्यांनी बोट वर केलं,
कुणी सांगितलं नव्हतं.
मग ती चढत गेली, बारीक होत गेली,
पाच हजाराच्या आसपास त्यांनी डोळे उघडले.
"हो गया?"
पन्नास वर्षं ती तात कानाशी वाजलेली.
शिट्टी चालूच होती.
"हो," मी म्हणाले, "झालं."

थोड्या वेळानं मलाही ऐकू येईना.
पडद्यावर रेघ पुढे सरकत होती
आणि बाहेर, पिठाच्या गिरणीपाशी,
कुत्रं अजून भुंकत होतं.