कलाने

जून महिन्यात, ग्रिम्सबीतसुद्धा,
गळ्याला मफलर कोणी गुंडाळत नाही.
विहंग गुंडाळतो. आज तिसरा दिवस.

मी विचारलं नाही.
मासळीच्या कारखान्यात नऊ वर्षं काढली, एवढं कळतं
की लपवलेल्या गोष्टीचा आधी वास येतो.
याच्या गळ्याला वास बापाच्या आफ्टरशेवचा
आणि बाप तर पंधरवडाभर
समुद्रातल्या पवनचक्क्यांवर.

रात्री बेसिनपाशी सापडला त्याचा पाच पात्यांचा रेझर,
पात्यांत वाळलेली लव.
"दाखव."
"काही नाही गं. पिंपल्स."
"दाखव म्हटलं ना."

ओट्यावरचा दिवा लावला. चष्मा नाकावर आणला.
जिथे कॉलर घासते तिथे सात पुटकुळ्या,
एकीला पिवळं तोंड, बाकीच्या नुसत्या लालबुंद
आणि प्रत्येकीच्या पोटात, कातडीच्या आत,
एक काळं वळण,
घाईत काढलेल्या स्वल्पविरामासारखं.

केसतोड, म्हणणार होते मी.
पण केसतोड येतं एकटंच, टणक, ठणकत,
माणसाला मान वळवू देत नाही.
हे ते नव्हे.
हा साधा केस. तिरका कापला गेला, टोकदार झाला,
वाढता वाढता वळला
आणि आपल्याच कातडीत परत घुसला.
आता याचं परदेशाशी काही जुळवू नकोस,
मी मलाच दटावते.
केस आहे. खाजतो. बस.

"कशी केलीस दाढी?"
कातडी ताणून. खालून वर. कोरड्यावरच.
तीनदा, गुळगुळीत व्हावी म्हणून.
"कॅलमची होते तशी."
कॅलमचे केस सरळ रे, मक्याच्या कणसासारखे,
तुझे तुझ्या मामांचे,
तेल लावलं तरी गोल फिरणारे.
आणि खालून वर तर खवले काढतात,
शेपटीकडून डोक्याकडे, सुरी उलटी धरून.
माशाला चालतं. तो मेलेला असतो.

गरम पाण्यात फडकं पिळून दहा मिनिटं गळ्यावर.
सकाळी. रात्री. परत सकाळी.
रेझर मी डाळीच्या डब्यामागे ठेवला.
पिवळ्या तोंडाच्या वाटेला जायचं नाही, नखाने तर नाहीच.
सुजली, गरम लागली, ताप आला,
तर सकाळी आठला डॉक्टरकडे फोन,
रांगेत चौदावा नंबर लागला तरी.

चौथ्या रात्री एका वळणाचं टोक दिसलं.
चिमटा नवा, उकळून घेतलेला.
कामावर दिवसाला हजार काटे काढते मी,
आधी बोटाने चाचपायचं काटा कुठल्या अंगावर झोपलाय,
मग त्याच्याच कलाने ओढायचा,
मांस फाटत नाही.
इथे मात्र ओढायचंही नाही.
उपटला तर पुन्हा आतच उगवेल.
नुसतं उचलायचं,
टोकाला हवा दाखवायची
आणि हात मागे घ्यायचा.

हनुवटी वर, नजर छताकडे,
माझ्याकडे बघावं लागत नाही म्हणून असेल,
तो बोलायला लागला.
पुढच्या शुक्रवारी शाळेचा प्रॉम. सूट भाड्याने.
पांढऱ्या शर्टाची कॉलर कडक असते ना आई,
आणि फोटोत गळा...
आणि एक जण आहे, म्हणाला,
आणि थांबला.

माझ्या जिभेवर दहा प्रश्न.
कोण, कुठली, की कुठला,
घरचे काय करतात.
खोदून विचारायची सवय माझ्या घराण्याची,
माझ्या आईने माझा असाच गळा धरला होता एकदा,
सगळं काढून घेतलं एका दुपारी,
त्यानंतर तिला मी काही सांगितलं नाही.

टोक वर आलं होतं.
तेवढ्यावर सोडलं.

"हलू नकोस," म्हटलं,
आणि थंड फडकं ठेवलं त्या जागेवर.
अजून सहा बाकी होत्या.