लाभ, दोन, तीन

कन्नमवार नगर, रात्रीचे पावणेबारा.
ओटा पुसून कोरडा केलाय, त्यावर लॅपटॉप,
खालच्या मजल्यावरच्या इराचा जुना.
त्याची कोलनची कळ एकदा दाबून उमटत नाही
आणि पुन्हा दाबली की दोन उमटतात.

व्हिडिओतला मास्तर माझ्याहून बारा वर्षांनी लहान.
अकराव्या मिनिटाला तो पाणी पितो.
मला समजलेलं नसतं, मी मागे नेते,
तो पुन्हा पितो.
त्याची दोन वर्षांपूर्वीची तहान
तीन रात्री झाल्या, मी भागवतेय.

घाटकोपरच्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं
मी लोकांचं रक्त टाइप केलं:
हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन,
खाली डॉक्टर पर्णेकरांच्या सहीपुरती जागा सोडून.
दिवाळीपासून मशीनच टाइप करतं, सहीसकट.
मालक म्हणाले, हेमांगीबाई, तुम्ही तूर्त काउंटरला बसा.
हा 'तूर्त' माझ्या ओळखीचा.
पेशंटला आम्हीही तेच सांगायचो:
तूर्त काळजीचं काही नाही.

म्हणून हा कोर्स. पाच हजार नऊशे, तीन हप्त्यांत.
दागिना वगैरे मोडला नाही, एवढं नाट्य नाही.
भिशीतला नंबर आधी मागून घेतला, बस.
नणंदेला सांगितलं, कॉम्प्युटरचं काहीतरी आहे.

इथे एखादी ओळ चार जागा आत सरकली नाही
तर पुढचं सगळं अडतं.
हे मला जड गेलं नाही.
कुणाच्या किती आत बसायचं, कुठे बाहेर यायचं,
याची सवय बावीस वर्षांची आहे.

आणि चूक झाली की यंत्र ओरडत नाही,
ओळीचा नंबर सांगतं.
इतकं नेमकं
मला घरात कुणी बोललेलं आठवत नाही.

अडलं ते यादीपाशी.
यादीतल्या पहिल्याचा नंबर शून्य, म्हणे.
असं कसं?
गिरणीवर दळणाला गेलं तर
शून्य नंबरचा डबा कुणाचा?
मी पुटपुटत बसले: शून्य, एक, दोन. शून्य, एक.

बाहेरच्या कॉटवर अण्णा जागे होते.
अण्णा दाणाबंदरचे मापारी,
उभा जन्म दुसऱ्यांच्या गोणी मोजण्यात गेलेला.
आता सकाळी काय जेवले ते संध्याकाळी आठवत नाही,
मला मधूनच आत्याच्या नावाने हाक मारतात.
अंधारातून म्हणाले,
'एक म्हणू नये गं.
पहिल्या मापाला लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन.'
आणि कूस बदलून घोरायलाही लागले.

तसं जुळत नाही, मी करून पाहिलं.
अण्णांच्यात लाभानंतर दोन,
यंत्रात शून्यानंतर एक;
एक गोणी कुठेतरी जास्तीची निघते.
पण पहिल्याला एक म्हणायचं नाही,
एवढ्यावर दोघांचं एकमत आहे
आणि मला त्या रात्री तेवढं पुरलं.

सव्वा वाजता चाललं.
अण्णांच्या गोळ्यांची यादी: प्रेशरची, थायरॉइडची,
ती अर्धी तोडून द्यायची पांढरी.
वेळ टाकली की गोळी सांगतं.
चलाचं नाव मी ठेवलं लाभ.
मास्तर म्हणतो, नाव असं ठेवा की दुसऱ्यालाही कळेल.
दुसऱ्याचं दुसरा बघेल.

परवा अंधेरीहून एका कंपनीचा फोन होता.
मुलीचा आवाज गोड. 'फ्रेशर ना तुम्ही?'
हो म्हटलं.
'वय?'
एक्केचाळीस.
ती थांबली. पलीकडे कळा वाजत होत्या,
मला कुठल्या रकान्यात घालावं ते तिला सापडेना.
मेल करते म्हणाली.

अजून आलेला नाही.
आज सातवा धडा.
अकराव्या मिनिटाला तो पाणी पितो,
मीही उठते, माठातून भांडं भरून घेते.