कपाटाची किल्ली

एकोणीस वर्षं फळ्यावर
दोन डोंगर काढत आलो मी,
मधोमध सूर्य, खाली कौलारू घर.
मानवतच्या सपाट काळ्या रानात
डोंगर पाहिलेत कुणी?
तरी बेचाळीस वह्यांत
दरवर्षी चौऱ्याऐंशी डोंगर.

या बुधवारी खडू उचललाच नाही.
कपाट उघडलं, म्हणालो,
घ्या काय हवं ते, करा काय हवं ते.

कुणी हललं नाही.
"सर, पण काढायचं काय?"
"मार्क किती?"

मग तहसीननं दप्तरातून
अब्बाच्या दुकानातला शिंप्याचा खडू काढला
आणि फरशीवरच बेतला
चार बाह्यांचा सदरा.
राजरत्नच्या खिशात जिनिंगवरची सरकी निघाली,
ती डिंकात बुडवून तो
कागदावर मुंग्या पेरत गेला.
दैवशाला दोन्ही तास
नुसती पेन्सिलींना टोकं करत बसली,
सालपटं उडतात म्हणून
पंखा बंद करायला लावला तिनं.
हे काय चाललंय, मी विचारलं नाही.
जड गेलं.

शेवटच्या बाकावरून मुंजाजी,
"सर, दोन डोंगर काढू का?"

एवढं मोकळं सोडलं, आणि हा...
"कामून रे, तेच?"

"मला आवडतेत ते.
इथं कुठं हायेत?"

खाली बसलो त्याच्या बाकाशी.
तिसरा डोंगर काढायला लागला तसा
त्यानं डावा हात आडवा धरला,
मला दिसू नये म्हणून.