चार अंश

विल्मर गावच्या शाळेत, खोली क्रमांक एकशे बारा.
बाहेर उणे सत्तावीस.
काचेवर आतल्या बाजूनं बर्फाची साय धरली आहे
आणि लिबान नावाचा मुलगा नखानं तीवर
मासा कोरतो आहे. शेपटीपर्यंत आलाय.

मी म्हणते, एक हात बाकाच्या फळीवर ठेवा,
दुसरा बाकाच्या लोखंडी पायावर.
गार काय?
"लोखंड!" अख्खा वर्ग एका तोंडानं.
मग मी दोन्हींना तापमापक लावते.
एकोणीस.
एकोणीस.

कुरबुर. हा बिघडलाय, मिस पीटकर.
आडनाव पेठकर आहे, पण असू दे.
तो नाही रे बिघडला, हात फसवतोय.
हाताला तापमान कळतच नाही,
त्याला एवढंच कळतं
की आपल्यातलं काहीतरी जातंय, आणि किती भराभर.
लाकूड हळूहळू नेतं, उसनं मागितल्यासारखं.
लोखंड ओरबाडतं.

सकाळी ओट्यावर तुपाची बरणी कोमट पाण्यात ठेवली होती.
कडेनं सुटलं, सोनेरी झालं,
आणि न विरघळलेला रवाळ गोळा
सावकाश तळाला जाऊन बसला.
जवळपास सगळं जग तुपासारखंच वागतं:
थिजलं की आकसतं,
आकसलं की जड होतं,
जड झालं की बुडतं.

पाणी तेवढं आडमुठं.
चार अंशांपर्यंत निमूट आकसत येतं
आणि तिथून पुढं गार व्हायला लागलं
की फुगतं, हलकं होतं, वर येतं,
वरच गोठतं,
आणि खालच्यांसाठी झाकण होऊन राहतं.

शनिवारी शाळेचा बॉयलर सांभाळणारा गॉर्डी हाल्वर्सन
मला तळ्यावर घेऊन गेला.
पाच वर्षांत आम्ही फक्त रेडिएटरबद्दल बोललो होतो.
त्याच्या खोपटीत दोन बादल्या, बसायला.
गिरमिटानं दीड हात बर्फ कोरला त्यानं,
काळं पाणी भोकात डुचमळलं.
मी दोरीला तापमापक बांधून सोडला.
गॉर्डी हसला नाही. दोरी धरायला पुढं झाला.

वर बत्तीस, त्यांच्या मापात.
आणखी खाली, पस्तीस.
तळाच्या चिखलाला टेकला तेव्हा एकोणचाळीस,
म्हणजे माझे चार.
इथं ऊब शोधायची तर खाली जावं लागतं.
गॉर्डी म्हणाला, बायको होती तेव्हा
ती मासे परत सोडायला लावायची.
मग बराच वेळ काही नाही.
मासाही नाही.

सोमवारी गृहपाठ तपासायला घेतला.
उष्णतेच्या वहनाचं घरातलं एक उदाहरण द्या.
तवा. तवा. सूपमधला चमचा.
इस्त्री. पुन्हा चमचा.
एकीनं मांजर लिहिलंय, तिला अर्धा गुण.

लिबाननं लिहिलंय:
माझे वडील टर्कीच्या कारखान्यात आहेत,
शीतगृहात, रात्रपाळीला.
पहाटे घरी आले की आधी चहा करतात
पण लगेच पीत नाहीत.
दोन्ही हातांनी कप धरून उभे राहतात.
मग खांद्याला हात लावून मला उठवतात.
उष्णता चहातून कपात जाते,
कपातून हातात,
हातातून माझ्यात.
शेवटी चहा गार होतो, तो ते पितात.

'शीतगृह'चं स्पेलिंग चुकलंय.
लाल पेन उघडं, हातात,
आणि मी ते पान तसंच धरून बसलेली.
खाली तळघरात बॉयलरनं घसा खाकरला,
नळ्यांतून ठणठणत ऊब वर येऊ लागली.

माझा चहा तोवर
एकोणीसवर आला होता.