पाय

वणीच्या जिनिंगचा लिलाव झाला
तेव्हा पंखे, तराजू, साहेबाची खुर्ची, सगळं गेलं.
हा एक खोका उरला.
दौलतभाऊ वाढईनं अकरा रुपयांत घेतला,
सायकलच्या क्यारियरला बांधून
पाटणबोरीला आणला. वाटेत दोनदा पंक्चर.

जाळीवर लाकडात कोरलेला सूर्य, ढगांमागून उगवता.
खाली इंग्रजी तीन अक्षरं.
तायवाडे मास्तरांनी लावून वाचली : पाय.
"काहून? रेडिओले पाय?"
दौलतभाऊनं उलटा करून पाहिला.
रबराच्या चार गुठळ्या, त्यातलीही एक गायब.

मी तेव्हा त्याच्या दुकानात कथील वितळवायचो.
मास्तरांनी कुठून कुठून माहिती काढली :
पाय हे आडनाव. केंब्रिज हे गाव.
आधी शाळांसाठी मोजमापाची यंत्रं करायचे,
पहिली लढाई सरली तसं हातातलं काम सरलं,
मग रेडिओ.
"म्हंजे आमच्यावानीच," दौलतभाऊ म्हणाला,
"वखर नाई खपला तं आमी पाट करतो."

सूर्याचा एक किरण मोडका होता.
त्यानं सागाचा तुकडा घासला तीन संध्याकाळी,
बसवला. रंग जुळला नाही,
बाकीचे विलायती, हा टिपेश्वरच्या जंगलातला,
थोडा जाडच.

काचेवर गावं होती : हिल्व्हर्सम, लक्झेंबर्ग.
कधी लागली नाहीत.
दोघांच्या मधल्या कोऱ्या जागेत
खरखरत नागपूर लागायचं,
तिथं त्यानं खिळ्यानं 'ना' कोरला.

कौतिकाबाईला बातम्यांचं काही नव्हतं.
पाठीमागं हात लावून म्हणाली,
"अवं, हा तं चुलीवानी तापते!"
आणि पुसातल्या थंडीत
कोंबडीची पिल्लं टोपलीत घालून
व्हॉल्व्हच्या उजेडाशी ठेवली.
बाजारभाव संपले तरी रेडिओ बंद करू द्यायची नाही.

एक व्हॉल्व्ह गेला.
आम्ही एसटीनं नागपूर, सीताबर्डी.
दुकानदारानं चष्मा कपाळावर चढवला :
दुसऱ्या लढाईत ही कंपनी रणगाड्यांत बोलायची,
पुढं टीव्ही काढले, भरपूर काढले,
मग विकल्या गेली. डच लोकांनी घेतली.
"हा माल आता येत नाही."
दौलतभाऊ बराच वेळ काउंटरची फळी चाचपत राहिला,
रंधा नीट फिरला नव्हता तिथं.
परतीच्या एसटीत, हिंगणघाटच्या पुढं कुठंतरी, म्हणाला,
"गेली असंन बाप्पा. नावातच पाय व्हते तिच्या."

गावात टीव्ही आला, दुसऱ्याच नावाचा.
दौलतभाऊ गेला. खोका माझ्याकडं.

मागच्या दिवाळीत माळ्यावरून काढला.
उदईनं ढग खाल्ले होते, डोंगर खाल्ला होता,
बोट लावलं तसा अख्खा सूर्य
भुसा होऊन मांडीवर.
सागाचा तेवढा एक किरण उभा,
कशाचा, ते आता नवख्याला सांगावं लागेल.

आत, व्हॉल्व्हच्या रिकाम्या खाचेत
एक पिवळट पीस.