बुधवारचा फळा

बुधवारी सहाला मी हॉलचं कुलूप काढतो.
खुर्च्या चौदा मांडतो, येतात नऊ.
हीटर दोन, त्यातला एक नुसताच वाजतो.
मिसेस थर्लबी ओला कोट दारामागे अडकवतात
आणि म्हणतात, "मांजरं-कुत्री पडतायत बाहेर."
शेर्को, फ्रीमन स्ट्रीटवर केस कापणारा,
खिडकीशी जाऊन वाकून बघतो
आणि तोंड पाडून परत येतो.
दर बुधवारी. दोघांचं ठरलेलंच आहे ते.

मग फळ्यावर म्हणी. वाक्प्रचार.
परीक्षेत येत नाहीत, त्या सांगतात,
पण दवाखान्यात येतात, बसस्टॉपवर येतात,
आणि तिथे कुणी गुण कापत नाही,
लोक नुसते हसतात.

केकचा तुकडा म्हणजे डाव्या हातचा मळ.
ल्युद्मिला म्हणाली, "सोपं? केक?
माझ्या आईचा मधाचा केक, आठ थर,
एक अख्खी रात्र,
आणि सकाळी कापण्यावरून भांडण."
मिसेस थर्लबींनी अर्थ पुसला नाही,
शेजारी एक प्रश्नचिन्ह काढलं.

लाल हेरिंग म्हणजे भलत्याच मागावर नेणारी खूण.
इथे मी बोललो. बोलायचं नव्हतं,
झाडू घेऊन मागे उभा होतो.
पण एकोणीस वर्षं काढलीत मी धुराच्या भट्टीत.
मिठात मुरवून टांगला की होतो तो मासा लाल,
आणि वास हातातून जात नाही,
अंगठीच्या खाली जाऊन बसतो.
कुत्र्यांचं मला माहीत नाही.
आम्ही त्या वासाच्या मागाने
अंधारातसुद्धा बरोब्बर घरी यायचो.

"दातांच्या कातडीने वाचणं."
"दातांना कातडी कुठे असते?" हाब्तोमने विचारलं.
"नसतेच. तेवढ्याच अंतराने वाचायचं."
"मग हे मला येतं," तो म्हणाला,
आणि वहीत लिहून घेतलं नाही.

शेवटची ओळ होती:
बातमी नाही, हीच चांगली बातमी.
काही वाईट झालं असतं
तर एव्हाना कळलं असतं.

हाब्तोमने हात वर केला.
चाळिशीतला माणूस, अजून हात वर करतो.
"किती दिवस?"
"काय किती दिवस?"
"किती दिवसांपर्यंत चांगली असते?
माझा भाऊ मागच्या बोटीत होता.
सतरा महिने झाले."

हीटर वाजत राहिला.
ग्रिम्सबीत इतकी माणसं,
आणि त्याने नेमकं त्यांनाच विचारलं, नकळत.
गोदीवरच्या आम्हा जुन्यांना ठाऊक आहे:
'लेडी रोवीना', वीस माणसं, आइसलंडच्या वर,
फेब्रुवारी, दोरांवर मनगटाएवढं बर्फ.
रेडिओ गप्प झाला तेव्हा
रॉन थर्लबी सव्वीस वर्षांचा होता.
बायका कंपनीच्या ऑफिसबाहेर उभ्या,
आणि खिडकीतला कारकून
हेच वाक्य एकेकीला देत होता,
रांगेत पावती द्यावी तसं.

मिसेस थर्लबींच्या हातात खडू तसाच होता.
"तीन वर्षं मी त्याच्या बुटांना वंगण लावत होते.
मग शेजारच्या पोराला दिले. त्याला झाले बरोबर.
म्हण तिथवर पुरली."

"आणि मग?"

"मग म्हणीशिवाय."

कुणी काही लिहिलं नाही.
पेन्सिलींचा एवढा मोठा डबा, आणि कुणीच नाही.

वर्ग सुटला. शेर्को दारातून ओरडला,
"एकसुद्धा कुत्रं नाही!"
कुणीतरी हसलं, बहुतेक ल्युद्मिला.
खुर्च्या रचून झाल्या तरी ते दोघं हीटरपाशीच,
जो चालतो त्याच्यापाशी.
त्या भावाचं नाव विचारत होत्या,
एकेक अक्षर करून,
आणि आपल्या डायरीत उतरवत होत्या: येमाने.
"य नंतर काय? पुन्हा सांग."

साडेआठला कुलूप लावायचं असतं.
हॉल झाडून झाला होता.
मी पुन्हा एकदा झाडला.