एक्केचाळीस सेकंद

इर्मा बेतांकोर, वय एक्क्याऐंशी,
मोन्तेविदेओ, चौथा मजला, लिफ्ट बंद.
रेडिओने मला बारा मिनिटं दिली होती
आणि एक प्रश्न, खाली दोनदा रेघ ओढून:
पहिल्या पुस्तकानंतर दुसरं यायला
बावीस वर्षं का लागली?

बाई रागावल्या नाहीत. किटली चढवली.
म्हणाल्या, लिहीत होते की.
तापाच्या चिठ्ठ्या, मुख्याध्यापिकेला.
खालच्या सेन्योरा पिरिसच्या वतीने तुरुंगाला अर्ज,
दर महिन्याला, तेच शब्द,
फक्त नम्रता ताजी.
नवऱ्याचा प्रबंध, तीन प्रती, कार्बन लावून.
पान एकशे चाळीसवर एक वाक्य बदललं मी,
बिनबोभाट.
लोक अजून तेवढंच उद्धृत करतात,
त्याचं म्हणून.

मी विचारलं, कोणतं वाक्य?

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.
इथली नदी तपकिरी, पैलतीर न दिसणारी.
नवखे तिला समुद्र म्हणतात,
कुणी दुरुस्त करायला जात नाही.
इथल्या चहाला पाणी उकळू द्यायचं नसतं.
ते खळाखळा उकळलं.
दोघींपैकी कुणीच उठलं नाही.

संपादकाने तेवढं कापलं.
म्हणाला, रिकामी जागा
ऐकायला बरी वाटत नाही.

फितीचा तुकडा मी टोपलीतून उचलला,
पाकिटात घातला, वर बाईंचं नाव लिहिलं.
आता ते हातात घेऊन उभी आहे:
पत्रांच्या खणात ठेवू,
की पुस्तकांच्या?